तहकुबीचे दोन मुहूर्त

साडेतीन मुहूर्तांपैकी दोन मुहूर्तांवर काहीही न करण्याचा विधिवत आरंभ करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि त्याच्याच घरात मी भाडेकरू होते. लोक पाडव्याला गाडी घेतात, दसऱ्याला सोने लुटतात. काका या दोन्ही दिवशी अभ्यंगस्नान करून, कपाळाला गंध लावून, एका कागदावर सही करीत. जे करायचे ठरले आहे ते पुढील सहा महिने करण्यात येणार नाही, असे त्या कागदावर असे. मग तो कागद फ्रिजवर लोहचुंबकाने अडकवीत आणि काकूंनी केलेल्या श्रीखंडाची वाटी पुढे ओढीत. न केलेल्या कामाचे इतके तृप्त समाधान मी केलेल्या कामानंतरही कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलेले नाही.

मेलबर्नच्या पश्चिमेला, वेरिबीत, पुण्यातला फ्लॅट विकून घेतलेले त्यांचे ते घर बुटके आणि विटांचे होते. पुढे दोन गुलाब, मागे एक लिंबू. दक्षिणेचा वारा सुटला की आधी फ्लॉवरच्या शेतांतल्या कुजत्या पानांचा, आणि त्याच्या पाठोपाठ शहराच्या सांडपाण्याचा दर्प घरात येई. काका खिडकी लावू देत नसत. "शेजारी राष्ट्राशी संबंध बिघडवू नयेत," म्हणत. पुढची खोली माझी होती. भाड्यात दोन वेळचे जेवण आणि तीन वेळचे राज्यशास्त्र अंतर्भूत होते.

राज्यशास्त्र हा त्यांचा निवृत्तीपूर्वीचा धंदा. पुण्याच्या एका कॉलेजात त्यांनी तो तीस-एक वर्षे केला. तरुणपणी परराष्ट्रसेवेत जायचे होते. परीक्षेने त्यांना घेतले नाही, तेव्हा त्यांनी घरालाच परराष्ट्र करून टाकले. स्वयंपाकघर म्हणजे कायदेमंडळ; तिथे काकूंचे बहुमत. हीटरसमोरची वेताची खुर्ची म्हणजे कार्यकारी मंडळ. मी संयुक्त राष्ट्रांची निरीक्षक; मला मताचा अधिकार नव्हता, चहाचा होता. राज्यकारभारात असले की काका मला 'आपण' म्हणत आणि भूक लागली की 'तू'. "निरीक्षक, आपण नोंद घ्यावी, की सकाळपासून या राष्ट्रात अन्नटंचाई आहे. बघ गं जरा, डब्यात चिवडा आहे का."

अंगात सफारी, डोक्यावर माकडटोपी, पायांत मेंढीच्या लोकरीचे ऑस्ट्रेलियन बूट, असा त्यांचा हिवाळी गणवेश. ब्रेडवर लावायच्या त्या काळ्या, खारट, यीस्टच्या लेपाला ते 'इथला राष्ट्रीय ठेचा' म्हणत आणि तो भाकरीशी खात. कुंपणापलीकडच्या म्हाताऱ्या गोऱ्या शेजाऱ्याच्या अंगणात आमची लिंबे पडत, आणि त्यांच्या 'प्रत्यार्पणा'साठी काका दर शनिवारी कुंपणापाशी उभे राहून बोलणी करीत. तो बिचारा "नो वरीज, मेट" म्हणून पिशवीभर लिंबे वरून देई. काका घरात येऊन सांगत, "कडवा माणूस. पण वाकवला."

या सर्व परराष्ट्रव्यवहारात त्यांचे आराध्यदैवत एकच होते: अमेरिकेतला तो वकिलातीचा कायदा.

तो मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात ऐकवला. हीटरची जाळी तांबूस झाली होती, वर वाळत घातलेल्या माझ्या मोज्यांना ओल्या लोकरीचा वास सुटला होता, आणि काका डोळे मिटून, एखादा गवई विलंबित ख्याल उलगडतो तसे सांगत होते.

"अमेरिकेच्या कायदेमंडळाने भरघोस मतांनी कायदा केला. काय? तर इस्रायलमधली आपली वकिलात तेल अवीवमधून उचला आणि जेरुसलेमला न्या. आता जेरुसलेम कोणाचं, यावर अर्धं जग एकमेकांची डोकी फोडतंय. तिथे वकिलात नेणं म्हणजे मोहोळात हात घालणं. मग राष्ट्राध्यक्षाने काय करावं? कायदा मोडावा?"

"नाही," मी म्हणाले.

"पाळावा?"

"हो?"

"मूर्ख! तहकूब करावा. त्या कायद्याच्याच पोटात एक कलम होतं. राष्ट्राच्या सुरक्षिततेला आवश्यक वाटलं, तर राष्ट्राध्यक्षाला सहा महिने थांबता येईल. सहा महिने संपले? पुन्हा सही. निवडणुकीत 'हलवतो, हलवतो' म्हणून गर्जना केलेले लोक खुर्चीत बसले की दर सहा महिन्यांनी निमूटपणे सही करत होते. वीस-एक वर्षं! कायदा जिवंत, वकिलात जागच्या जागी, दोन्ही बाजू नाराज, आणि कोणीही मेलं नाही. याला म्हणतात राज्यकारभार."

"म्हणजे सूटच की."

काकांनी डोळे उघडले. "सूट दुकानात मिळते, निरीक्षक. सूट म्हणजे पुन्हा करायला नको. ही तहकुबी. करायचंच आहे, पण आज नाही. सूट हा उद्धटपणा आहे. तहकुबीत अदब आहे."

पुढे एका राष्ट्राध्यक्षाने वकिलात खरोखरच हलवली, हा काकांच्या आयुष्यातला एक मोठा शोक होता. बोलताना त्यांचा आवाज अजून खाली येई. "आणि हलवली म्हणजे काय केलं? तिथे आधीच एक इमारत होती त्यांची. तिच्यावर नवी पाटी ठोकली! झाली वकिलात. वीस वर्षांच्या सह्या एका पाटीत गेल्या. त्यापेक्षा आपलं इथलं कॅनबेराचं सरकार बघ. मध्यंतरी यांनीही जेरुसलेमला राजधानी मानलं. पण वकिलात हलवली का? हं! मुरलेली लोकशाही."

काकू स्वयंपाकघरातून म्हणत, "मुरलेलं लोणचं असतं. जेवायला या."

आता घरातला कायदा. काकांची एकुलती लेक लग्नानंतर शहराच्या दुसऱ्या टोकाला, क्रेगीबर्नला राहायला गेली होती. तिथे तिने घर घेतले तेव्हा मागच्या अंगाला एक खोली मुद्दाम आईबाबांसाठी बांधून घेतली. स्वतंत्र न्हाणीघर, अंगणात उघडणारे स्वतंत्र दार. काकूंचे गुडघे कुरकुरू लागले होते, लेकीला दर रविवारी शहर ओलांडून येणे जड जात होते. एका रविवारी आमटीच्या वासाने भरलेल्या त्या कायदेमंडळात ठराव आला: वेरिबीचे घर सोडून दोघांनी क्रेगीबर्नला जावे. दोन विरुद्ध शून्य मतांनी तो मंजूर झाला. काका तटस्थ राहिले. फक्त शेवटी एक वाक्य घालू द्या म्हणाले. घराच्या सुरक्षिततेला आवश्यक वाटल्यास कुटुंबप्रमुखास हे स्थलांतर सहा महिने तहकूब करता येईल, एवढेच.

लेक म्हणाली, "घाला बाबा, व्हॉटेव्हर. पण या."

दोघी शिकलेल्या बायका. वाचून सही केली.

त्यानंतरच्या पहिल्या दसऱ्याला फ्रिजवर पहिली तहकुबी लागली. पुढे पाडवा, पुढे पुन्हा दसरा. इथे पाडवा पानगळीत येतो आणि दसरा वसंतात, म्हणून काका म्हणत की या गोलार्धात मुहूर्तच उलटे असल्याने कामेही उलटीच करावीत. तहकुबीला कारण द्यावे लागे, आणि कारणांत त्यांची प्रतिभा बहरे. क्रेगीबर्नवरून विमाने जातात, त्यांच्या आवाजाने काकूंच्या डोक्यास त्रास होईल. तिथल्या नव्या वसाहतीत झाडे काठ्यांना बांधून ठेवलेली आहेत. बांधलेल्या झाडांच्या देशात स्वतंत्र माणसाने कसे राहावे? लिंबांविषयीचा करार अर्ध्यावर आहे. एकदा तर नुसतेच 'प्रादेशिक अस्थैर्य' असे लिहिले. काकूंनी विचारले, हे काय? तर काका म्हणाले, "तुझे गुडघे."

काकू प्रत्येक कागद वाचीत, चष्मा काढीत, आणि त्याच कागदाच्या कोपऱ्यावर दुधाचा हिशेब लिहीत.

मग महामारी आली. तिने प्रथम काकांची विमाने काढून घेतली. पाडव्याच्या आधीच आकाश असे ओस पडले की मॅगपाय पक्ष्यांची ती बासरी फुटल्यासारखी शीळ गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू येई. "आता विमानं कुठे आहेत हो?" काकूंनी गुढीची साडी घडी करता करता विचारले. काकांनी पेन सॅनिटायझरने पुसले आणि लिहिले: 'विमाने परत येण्याचा धोका.'

हिवाळ्यात निर्बंध कडक झाले. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचे नाही, असा राज्य सरकारचा हुकूम निघाला. मला वाटले, काका आनंदाने नाचतील. झाले भलतेच. ते दुखावले गेले. नकाशावर कर्कटकाने पाच किलोमीटरचे वर्तुळ काढून ते किती तरी वेळ त्याच्याकडे पाहत बसले. आत नदी, फ्लॉवरची शेते, एक किराणा दुकान, आणि आम्ही. "माझा अधिकार बळकावला यांनी," ते म्हणाले. "मी जात नव्हतो, तो माझ्या सहीने. आता जाता येत नाही, त्यात माझं काय?"

त्या वर्तुळाच्या बाहेर, पुष्कळ बाहेर, त्यांची लेक पोटुशी होती.

सातवा महिना लागला होता. जावई डार्विनला, वायूच्या प्रकल्पावर. राज्याराज्यांच्या सीमा बंद. एकदा इकडे आला की परतताना दोन आठवडे विलगीकरण, म्हणून त्याने आपली सारी रजा बाळाच्या जन्मासाठी राखून ठेवली होती. तोवर क्रेगीबर्नच्या त्या घरात ती एकटी. दिवसा लॅपटॉपवर नोकरी करी, संध्याकाळी फोनवर आईला सुजलेली पावले दाखवी.

डोहाळजेवण फोनवरच झाले. काकूंनी फोन पाटावर, स्टीलच्या तांब्याला टेकवून उभा केला. कुंपणावरच्या जाईच्या कळ्यांचा गजरा करून तो फोनभोवती गुंडाळला. पाच ओट्या, पेढा आणि बर्फी झाकलेल्या दोन वाट्या, सगळे त्या चकाकत्या काचेपुढे मांडले. पडद्यावर लेक जुन्या टी-शर्टमध्ये, केस विस्कटलेले.

"उचल, कुठली वाटी?" काकू म्हणाल्या.

"आई, मी कशी उचलू? यू पिक."

"डावी की उजवी ते सांग."

"डावी. तुझी डावी की माझी?"

यावर आम्ही सगळे हसलो. पेढा निघाला. "मुलगा," काका म्हणाले, "किंवा मुलगी. अधिकृत निवेदन यथावकाश." लेक हसता हसता थांबली. गजऱ्याकडे पाहून म्हणाली, "वास नाही येत गं, आई."

फोन बंद झाल्यावर काकूंनी तो गजरा सोडवला आणि ओंजळीत धरून नाकाशी नेला. बऱ्याच वेळाने हात खाली आले, तेव्हा कळ्या तळव्यांच्या उबेने उमलल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी टीव्हीवर रोजची पत्रकार परिषद चालू असताना काकूंनी मला हाक मारली. "केअरगिव्हिंग म्हणजे काय गं?"

"काळजी घेणं. आजाऱ्याची, म्हाताऱ्यांची. त्यासाठी पाच किलोमीटरच्या बाहेर जायला परवानगी आहे, असं सांगतायत."

"गरोदर बाईची?"

मी सरकारी मदतक्रमांकावर फोन लावला. पलीकडच्या बाईने सगळे ऐकून घेतले. सात महिन्यांची गरोदर एकटी मुलगी, नवरा दूर, आई आणि वडील तिची काळजी घ्यायला तिथे जाऊन राहणार. हो, हे चालेल, त्याच घरातल्या कोणी गाडीने सोडले तरी चालेल, असे म्हणाली.

काकूंनी आमटीखालचा गॅस बंद केला, पदर खोचला, आणि कार्यकारी मंडळासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो, मी लेकीकडे जाते आहे. तुम्ही येताय का?"

काकांनी वर्तमानपत्र खाली केले नाही. "पाच किलोमीटर—"

"त्याला तहकुबी आहे. सरकारनेच ठेवली आहे. हिने फोनवर विचारलं."

"मग तू जाऊन ये. मी इथे बघतो. हे घर असं वाऱ्यावर सोडून—"

"निरीक्षक आहे घरात."

"लिंबांचं—"

"लिंबांचं नाव काढलंत तर झाड तोडीन."

वर्तमानपत्र खाली आले. मी निरीक्षकाच्या कर्तव्याला स्मरून दारातच उभी राहिले. काकूंचा आवाज चढला नव्हता. उलट, भाजी निवडताना असतो तसा सपाट होता.

"विमानं झाली, झाडं झाली, माझे गुडघे झाले. एकदा खरं कारण लिहा की त्या कागदावर. लेकीच्या घरी राहायची लाज वाटते. तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, असं तुमचे आजोबा सांगून गेले. वर्गात पोरांना समानता शिकवलीत, लेकीला शिकायला इतक्या लांब पाठवलंत, आणि तिच्या दारात जाऊन राहायचं म्हटलं की फ्रिजवर कागद लावता. मला काय कळत नाही? पण आता ती एकटी आहे. पहिलटकरीण आहे. रात्रीबेरात्री कळा आल्या तर पाणी द्यायला कोणी नाही तिला, आणि तुम्ही इथे तिच्या घरचं पाणी नको म्हणून बसलात."

हीटर टक् टक् करीत थंड होत होता. काकांनी माकडटोपी काढली आणि ती मांडीवर ठेवली. टक्कल इतके नितळ आणि उघडे दिसले, की मी नजर दुसरीकडे वळवली.

त्या संध्याकाळी ते भाषण न करता जेवले. दुसऱ्या दिवशीही. काकू डिंकाचे लाडू वळत राहिल्या. सुंठ, खारीक, तुपात फुललेल्या डिंकाचा वास घराच्या भिंतींतून पाझरू लागला. त्यांची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. एकच.

तिसऱ्या सकाळी एक अघटित घडले. कार्यकारी मंडळ चालत कायदेमंडळाच्या दाराशी आले आणि उंबऱ्याबाहेर थांबले.

"सभागृहात येऊ का?"

"चपला काढा," काकू म्हणाल्या.

ते लोकरीचे बूट काढून आत आले. लाडवाच्या परातीसमोर स्टुलावर बसले.

"पहिलं बाळंतपण कुठे व्हायला हवं?" त्यांनी विचारले.

"माहेरी. कोणालाही विचारा."

"तिचं माहेर कुठे?"

"इथे. दुसरं कुठे?"

"ती इथे येऊ शकते?"

"कशी येईल? डॉक्टर तिकडे, हॉस्पिटल तिकडे. आणि आता या दिवसांत तिने गाडीत बसून इतक्या लांब यायचं?"

"म्हणजे," काका म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात वर्गातली ती जुनी धार परतली, "माहेरच हलवावं लागेल."

काकूंचा लाडू हातातच राहिला.

"माहेर म्हणजे काय? बाईची परक्या मुलखातली वकिलात. तिथे गेलं की सासरचा कायदा चालत नाही. उशिरा उठता येतं, रडता येतं, आसरा मागता येतो. आत शिरायचं तर जावयालासुद्धा परवानगी घ्यावी लागते. आता ती इमारत कुठल्या गावात आहे, याला काय महत्त्व? विटा हलवाव्या लागतात का? पाटी लावली की झालं! क्रेगीबर्नच्या घरातली ती मागची खोली, तिला स्वतंत्र दार आहे, ती आजपासून आपलं माहेर. बाकीचं घर तिचं. मी लेकीच्या घरी राहायला जात नाहीये. मी माहेरी राहणार आहे. तिच्या."

मी काकूंकडे पाहिले. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काही तरी थरथरत होते. ते हसू होते की दुसरे काही, हे मला सांगता येणार नाही.

"एवढा वळसा घालून यायचं होतं," त्या म्हणाल्या, "तर दोन दिवस आधी निघायचंत. कपडे भरा."

गाडी मी चालवली, कारण काका फ्रीवेला घटनाबाह्य मानीत. निर्मनुष्य रस्ता, दुतर्फा वॅटलच्या फुलांची पिवळी धूळ, गाडीत ओवा, बाळंतशोपा आणि डिंक. मास्कमुळे तो वास ज्याच्या त्याच्या श्वासाशी कोंडला होता. क्रेगीबर्नच्या अलीकडे पोलिसांनी थांबवले. तरुण पोरगा होता, मास्कवर काळा चष्मा.

"हाऊ यू गोइंग? कुठे निघालात?" असे त्याने इंग्रजीत विचारले.

मी तोंड उघडण्यापूर्वी काकांनी मागची काच खाली केली. या प्रश्नाची ते आयुष्यभर वाट पाहत असावेत. "ऑफिसर," ते इंग्रजीत म्हणाले, "वुई आर रिलोकेटिंग अ मिशन."

"अ मिशन? चर्चचं?"

"नो, नो. डिप्लोमॅटिक. इट वॉज वेव्ड एव्हरी सिक्स मंथ्स, बट नाऊ—"

पोलिसाने चष्मा काढला. गाडीकडे पाहिले, मागच्या सीटवरच्या कुंडीतल्या तुळशीकडे पाहिले, मग माझ्याकडे. इथून परत फिरवले असते, तर काकूंनी ती वाट पायी चालायला घेतली असती.

काकू पुढे वाकल्या. "माय डॉटर," त्या म्हणाल्या. "बेबी. अलोन."

"अरे," अशा अर्थाचा काही तरी आवाज त्या पोराने केला आणि हात मागे घेतला. "नो वरीज, लव्ह. ऑफ यू गो."

काच वर गेल्यावर काकू म्हणाल्या, "दर सहा महिन्यांनी पानभर लिहिता. बघा, एवढंच लागतं."

"मसुदा चांगला होता," काका म्हणाले. "त्रोटक, पण चांगला."

लेक ओसरीवर उभी होती, कमरेला हात लावून, पोट पुढे. आईला पाहून ती पायरी उतरू लागली, तर काका ओरडले, "थांब! पुढच्या दाराने नाही." आणि सामान घेऊन ते कचऱ्याच्या डब्यांच्या बोळातून घराला वळसा घालून मागच्या दारी गेले. आम्ही त्यांच्यामागून. खोलीला नव्या रंगाचा आणि न वापरलेल्या गालिच्याचा वास येत होता. काकूंनी तुळस दाराशी ठेवली, पलंगावर आपली जुनी सुती चादर घातली. काकांनी एका पुठ्ठ्यावर स्केचपेनने 'माहेर' असे लिहून ते दारावर चिकटवले, दोन पावले मागे जाऊन पाहिले, रफार नसलेल्या शब्दाला उगाच एकदा तपासले, आणि आतल्या बाजूने हाक मारली, "ये आता!"

"बाबा, सिरियसली?" बोळातून लेकीचा आवाज आला. "मी माझ्याच घराला चक्कर मारून येऊ?"

"तुझं घर तिकडे. इकडे तू माहेरी येते आहेस. बॅग आण."

ती खरोखरच बॅग घेऊन आली. खांद्याला कापडी पिशवी, पायांत सुजेमुळे न मावणाऱ्या सपाता. दाराशी काकूंनी तिला थांबवले. भाकरतुकडा ओवाळायचा तर भाकरी नव्हती. सँडविचच्या ब्रेडचा तुकडा आणि पाणी तिच्यावरून उतरून त्यांनी तुळशीपलीकडे टाकले. लेक हसत होती. हसत हसतच तिने उंबरा ओलांडला, पलंगाच्या कडेला बसली, आईच्या चादरीवर तळवा फिरवला. मग तिचे तोंड लहान मुलीसारखे वाकडे झाले, आणि इतक्या महिन्यांचे सगळे बाहेर आले. काकूंनी बाटलीतले तेल तळहातावर घेतले आणि तिच्या केसांत बोटे घातली.

थोड्या वेळाने तिचा श्वास संथ झाला. ती पलंगभर झोपली होती, एका कुशीवर, उशी पोटाखाली घेऊन. खाली गादीवर काकू तिची पावले मांडीत घेऊन बसल्या होत्या. खोलीत तिसऱ्या माणसाला पाय ठेवायला जागा नव्हती. काका दारात चुळबुळत उभे राहिले. आसरा मागायला आलेल्याला उठवता येत नाही, हे आंतरराष्ट्रीय कायद्यात त्यांच्याहून अधिक कोणाला ठाऊक असणार? त्यांनी दार हलकेच ओढून घेतले, आणि त्याच डब्यांच्या बोळातून, आवाज न करता, लेकीच्या घरात शिरले.

मला उजेड असताना परतायचे होते. तासाभराने गाडीची किल्ली शोधत मी दिवाणखान्यात गेले. दुपारचे ऊन सोफ्यावर तिरपे पडले होते आणि त्या उन्हात काका गाढ झोपले होते. बूट जोडीने खाली ठेवलेले, तोंड उघडे, पोटावर लेकीची फुलाफुलांची शाल. शेजारच्या टेबलावर तिच्या कपात त्यांनी स्वतः करून घेतलेला चहा होता. तळाशी गाळसुद्धा उरला नव्हता. बाजूच्या बशीत तिच्या बिस्किटांचे चुरे.

काकू माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी कपाकडे पाहिले, बशीकडे पाहिले, सोफ्यावरच्या त्या घोरणाऱ्या राजदूताकडे पाहिले. मी काही बोलणार, तोच त्यांनी माझ्या दंडाला धरून मला मागे ओढले.

"शू," त्या कुजबुजल्या. "एक अक्षर बोलू नकोस. जागे झाले, तर कारण सांगतील."